स्मरणिकेत आमचं शहर कुठे आहे?

इंग्लंडमधल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना आणि त्यांच्या स्मरणिका समित्यांना,

सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठ सभासदांकडून आठवणी मागवणारी प्रश्नावली मिळाली. इंग्लंडला यायचा निर्णय कसा घेतला? सुरुवातीला कोणत्या अडचणी आल्या? मराठी संस्कृती कशी जपली? यशाचं श्रेय कुणाला द्याल? खरं सांगायचं तर यातल्या एकाही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी इथे आले तेव्हा सहा वर्षांची होते. निर्णय अण्णांचा होता, अडचणी आईच्या वाट्याला आल्या, आणि संस्कृती जपली जात होती त्या सगळ्या वर्षांत मी रस्त्यावर खडूने चौकटी आखून लंगडी घालत होते. जे मला सांगता येईल ते तुम्ही विचारलेलंच नाही. माझ्या वयाची बरीच मंडळी तो कागद कोराच ठेवणार आहेत. म्हणून पत्र खासगी न ठेवता उघड लिहिते आहे.

माझ्या कपाटात वेगवेगळ्या गावच्या मंडळांच्या स्मरणिका आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, बाकीची त्यानंतर निघाली. अंक कुठलाही उघडा: अध्यक्षांचं मनोगत, गणपतीचे फोटो, नाटकातल्या पात्रांची नावं, हळदीकुंकू, शेवटी जाहिराती. फोटोतली माणसं कुठल्यातरी हॉलमध्ये उभी असतात. तो हॉल कोणत्या रस्त्यावर होता, तिथे कोणती बस जायची, बाहेर पाऊस होता की धुकं, भाड्याने हॉल देणारा माणूस आपल्याशी कसा बोलायचा, यातलं काहीच कळत नाही. जणू आपण सगळे सांगलीहून उचलून थेट त्या हॉलमध्ये ठेवले गेलो आणि कार्यक्रम संपल्यावर परत डब्यात भरले गेलो. आमच्या आयुष्यातले उरलेले तीनशे चौसष्ट दिवस एका इंग्लिश शहरात गेले. त्या शहराला आपल्या स्मरणिकेत जागा नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. आता ते जरा सविस्तर मांडते.

माझं शहर कॉव्हेंट्री. १९५७च्या वसंतात सुएझ कालवा पुन्हा सुरू झाला आणि त्या उन्हाळ्यात आई, धाकटा भाऊ आणि मी अँकर लाइनच्या बोटीने मुंबईहून लिव्हरपूलला उतरलो. अण्णा वर्षभर आधी आले होते. कॅनलेच्या स्टँडर्ड मोटार कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आम्ही पोचलो तेव्हा शहर अर्धं बांधून झालं होतं. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी अकरा तास बाँब टाकले, चार हजारांवर घरं जमीनदोस्त झाली, ५६८ माणसं गेली, हे आता कुठल्याही पुस्तकात सापडतं. पुस्तकात न सापडणारी गोष्ट अशी, की सतरा वर्षांनी आलेल्या मुलीला त्या पडझडीत काहीच भयानक वाटलं नाही. रिकाम्या प्लॉटवर उन्हाळ्यात गुलाबी फुलांची उंच रानटी झाडं उगवत आणि त्यात लपलं की कुणाला सापडत नसे. परसातला हवाई हल्ल्याच्या वेळचा निवारा म्हणजे आमचा भातुकलीचा वाडा. एकदा तिथे एक कप मिळाला, कान न तुटलेला. तो आम्ही बरीच वर्षं वापरला.

शेजारी एक विधवा बाई राहत. आम्ही त्यांना आंटी म्हणायचो, कारण त्या गल्लीतली सगळी मुलं सगळ्याच बायकांना आंटी म्हणत. त्यांची बहीण त्या रात्री गेली होती आणि लंडन रोडच्या दफनभूमीत बाकीच्यांबरोबर एकत्रच पुरली गेली. जुन्या कथीड्रलच्या पडक्या भिंतीवर वेदीमागे ‘पित्या, क्षमा कर’ अशा अर्थाचे दोन शब्द कोरलेले आहेत. कॉव्हेंट्रीची ओळख म्हणून जगभर दाखवतात ते. आंटी मला तिथे घेऊन गेल्या, ते शब्द वाचून दाखवले आणि म्हणाल्या, ‘मी नाही करणार.’ मग आम्ही दोघींनी चिप्स खाल्ल्या. क्षमेवर इतकी प्रवचनं पुढे ऐकली, पण शहर म्हणजे काय हे मला त्या तीन शब्दांत जास्त कळलं.

आता ब्रॉडगेटबद्दल. शहराच्या मधोमध १९४९ सालापासून लेडी गोडायव्हाचा ब्राँझचा पुतळा आहे: घोड्यावर बसलेली, अंगावर केसांशिवाय काही नाही. नवऱ्याने लादलेला कर प्रजेला माफ व्हावा म्हणून ती सरदाराची बायको विवस्त्र होऊन गावातून फिरली, अशी दंतकथा. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भावाच्या डोळ्यांवर पदर धरला. मग अण्णांनी गोष्ट सांगितली. आईने जरा विचार केला आणि विचारलं, ‘आणि कर माफ झाला का?’ झाला म्हटल्यावर पदर खाली आला. तिथल्याच घड्याळात दर तासाला एक दार उघडून छोटी गोडायव्हा घोड्यावरून बाहेर येई आणि वरच्या खिडकीतून तिला चोरून पाहणारा दंतकथेतला पीपिंग टॉम डोकावे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला आईने ते घड्याळ दाखवलं. पंढरपूरचा बडवा काय माहिती देईल अशा अधिकाराने ती त्याखाली उभी राहायची.

बाजारहाट तिचीच होती, त्यामुळे शहर खरं तिला माहीत होतं. १९५८मध्ये नवी मंडई उघडली, पूर्ण गोल, छतावर मोटारी लावायची सोय. गोल असल्याने ती पहिल्या दिवशी हरवली, आणि नंतर तिने तिथल्या भाजीवाल्यांना अशा प्रकारे कामाला लावलं की काही विचारू नका. तुरीची डाळ नव्हती. पिवळ्या वाटाण्याची डाळ होती, तिची आमटी शिजायला तास लागे आणि चव शेवटपर्यंत परकीच राहिली. गोडं तेल म्हणावं असं काही मिळत नसे. कोथिंबीर कुंडीत लावली तर ऑगस्टातच रुसली. पुढे फोल्सहिल रोडवर पंजाबी मंडळींची दुकानं निघाली आणि आमच्याकडे पुन्हा जिरं-हळद पोटभर आली. इथे जरा थांबून एक सांगते. आपल्या स्मरणिकांत ‘भारतीय इथे आले’ ही गोष्ट आपल्या डॉक्टर-इंजिनिअरांपासून सुरू होते. कॉव्हेंट्रीत पंजाबी कामगारांनी इंडियन वर्कर्स असोसिएशन १९३८ साली स्थापन केली होती, लढाईच्याही आधी. आमच्या डाळीची सोय त्यांच्या मागोमाग आलेल्यांनी केली. त्यांचा उल्लेख एकाही अंकात मला आढळला नाही.

हिशेबाची गंमत वेगळीच. आम्ही निघालो त्याच वर्षी, १ एप्रिलला, भारतात आणे बंद होऊन नवे पैसे आले. मोठ्या कौतुकाने शंभर पैशांचा रुपया शिकून बोटीत बसले, आणि उतरले तिथे बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड. अण्णा म्हणायचे, आपण पुढे जाता जाता मागे आलो. आईला मात्र पावकी-निमकी-पाऊणकी तोंडपाठ होती. अडीच शिलिंगचा हाफ क्राउन म्हणजे पौंडाचा आठवा भाग, हे तिच्या तोंडून दुकानदाराच्या आधी निघे. वर्गातले पाढे बारापर्यंत होते. माझे तिसापर्यंत होते, ते कुणी विचारलेच नाहीत. इंग्लंडचे पैसे दशमान झाले १५ फेब्रुवारी १९७१ला, म्हणजे आमच्यानंतर चौदा वर्षांनी. त्या दिवशी शेजारच्या आंटी आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि आईने त्यांना नवे पेन्स समजावून सांगितले.

घर चॅपलफील्ड्समध्ये, एकेकाळी घड्याळजींची वस्ती असलेल्या भागात. चाळीसारखी एकाला एक लागलेली विटांची घरं, संडास परसात, न्हाणीघर नाही. शनिवारी पत्र्याचा टब शेगडीपुढे यायचा. गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकावा लागे. तो संपला की अर्धी पोळी कच्ची. शहराच्या मध्यभागी १९५१पासूनच धूर करायला बंदी होती, देशात सगळ्यांच्या आधी, पण आमच्याकडे घरोघर कोळसाच जळायचा. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. आईची पाचवारी साडी दोरीवर पसरली की ती आमचं परस ओलांडून शेजारच्या परसात जाई, आणि गल्लीतली पोरं तिच्याखालून पळत. काजळी पडली की पुन्हा धुवायची. एकदा पोरांनी विचारलं, हे तुम्ही गुंडाळता कसं? आईने रस्त्यातच एका आयरिश मुलीला नेसवून दाखवली. त्या मुलीने ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही.

आयरिश, वेल्श, स्कॉटिश, पोलिश, युक्रेनियन: वर्गात अस्सल कॉव्हेंट्रीचं मूल शोधावं लागे. १९५१मध्ये शहराची लोकसंख्या अडीच लाखांच्या थोडी वर होती, वीस वर्षांनी ती तीन लाख पस्तीस हजारांवर गेली. मोटारी, ट्रॅक्टर, यंत्रं, विमानाची इंजिनं, सगळ्याला हात हवे होते. पाच वाजता भोंगा झाला की सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि तो संपेपर्यंत रस्ता ओलांडता येत नसे. जुलैअखेर सगळे कारखाने एकदम पंधरा दिवस बंद होत. अर्धं शहर समुद्रावर जाई आणि मागे उरलेल्या आम्हा पोरांना रस्ते मोकळे. आमच्या गल्लीत कुणी कुणाला ‘तू कुठला’ असं विचारलं तर त्यात काही खोच नसे, कारण उत्तर प्रत्येकाकडे होतं. मी परकी आहे हे मला कॉव्हेंट्रीने पुष्कळ उशिरा सांगितलं.

अण्णांचा अभिमान म्हणजे त्यांच्या कारखान्याची मोटार, ट्रायम्फ हेराल्ड. १९५९मध्ये ती बाजारात आली आणि दोनच वर्षांत मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ नावाने जोडली जाऊ लागली. पुण्याच्या काकांचं पत्र आलं की गल्लीत हेराल्ड आली आहे. त्या दिवशी अण्णांनी मला शेजारपाजारी पाठवून ही बातमी सांगायला लावली. कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही.

शाळेत रोज पाव लिटरहूनही कमी, म्हणजे एक तृतीयांश पाइंट दूध फुकट मिळे. हिवाळ्यात बाई बाटल्यांची पेटी हीटरजवळ ठेवत आणि ते कोमट, वास येणारं दूध गिळावं लागे. इंग्लंडमध्ये वाढलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, तो चेहरा वाकडा करेल. घरचं दूध दारात यायचं, आणि निळ्या डोक्याचे टिट पक्षी पत्र्याच्या झाकणाला भोक पाडून वरची साय खाऊन जात. आईने साखरेच्या रिकाम्या डब्याचा उपाय काढला: दूधवाल्याने बाटली ठेवली की वर डबा उपडा घालायचा. दूधवाल्याने तो मुकाट्याने पाळला.

१९६२च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागला तो मार्चपर्यंत वितळला नाही. बाटलीतलं दूध गोठून झाकण डोक्यावर घेऊन बाहेर येई. परसातल्या संडासात रात्रभर कंदील लावून ठेवावा लागे, नाहीतर नळ फुटायचा. फुटबॉल बंद. कॉव्हेंट्री सिटीचा लिंकनशी असलेला कपचा सामना पंधरा वेळा पुढे ढकलला गेला! भाऊ रोज सकाळी उठून पाटावर बसल्याबसल्या विचारी, आज आहे का. अखेर मार्चमध्ये झाला, जिंकलो, आणि तसेच पुढे जात उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडकडून हरलो. जिमी हिल तेव्हा मॅनेजर होते. त्यांनीच संघाला आकाशी निळा शर्ट दिला. एप्रिल १९६७मध्ये वुल्व्ह्जविरुद्धच्या सामन्याला हायफील्ड रोडच्या मैदानावर ५१,४५५ माणसं होती. त्यांतला एक माझा भाऊ. आईने विणलेला आकाशी मफलर अजून त्याच्याकडे आहे. तुमच्या प्रश्नावलीत या मफलरला कुठला रकाना आहे?

आणि कथीड्रल. जुनं, छप्पर उडालेलं, तसंच ठेवून शेजारी वास्तुविशारद बेझिल स्पेन्स यांचं नवं उभं राहत होतं. एप्रिल १९६२मध्ये छपरावरचा धातूचा मनोरा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने आणून उतरवला. महिन्याभराने, २५ मे रोजी, अभिषेक झाला. बाहेरच्या भिंतीवर एपस्टाइन यांनी घडवलेला सेंट मायकल आहे, पंख पसरलेला, हातात भाला, पायाशी बेड्या घातलेला सैतान. आईने खालून वरपर्यंत पाहिलं आणि हात जोडले. ‘महिषासुरमर्दिनीच आहे,’ म्हणाली, ‘फक्त पुरुष.’ त्यानंतर दर दसऱ्याला आम्ही तिथे जाऊन यायचो. संस्कृती जपली म्हणता ती ही. पण ‘दसऱ्याला चर्चमध्ये गेलो’ असं कुणी स्मरणिकेत लिहीत नाही.

कटू आठवणीही आहेत, आणि त्या गाळून फोटोच छापू नका. खोली भाड्याने देणे आहे, खाली ‘काळ्यांसाठी नाही’, अशा चिठ्ठ्या दुकानाच्या काचेत लागत आणि १९६८चा वंशभेदाविरुद्धचा कायदा येईपर्यंत त्या बेकायदा नव्हत्या. अण्णा आमच्या आधी आले ते वर्ष त्यांनी अशाच चिठ्ठ्या वाचत काढलं. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही, त्यांच्या पत्रांतून कळलं. त्याच १९६८च्या एप्रिलमध्ये, एका शनिवारी, खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला बाहेरून आलेल्यांविरुद्धचं ते कुप्रसिद्ध भाषण केलं. बर्मिंगहॅम आमच्यापासून वीस मैलांवर. मी सतरा वर्षांची. सोमवारी बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली, गर्दी असताना. असं आधी कधी झालं नव्हतं असंही नाही. पण त्या दिवशी मी ती मोजली. संध्याकाळी शेजारच्या आंटी नेहमीसारख्या साखर मागायला आल्या. साखर त्यांच्याकडे होती हे आईला आणि मला दोघींना माहीत होतं.

तर माझी मागणी. अजूनही आम्ही जिवंत आहोत, लेस्टरला, बर्मिंगहॅमला, ब्रॅडफर्डला, मँचेस्टरला. प्रश्न बदला. पेनीला काय मिळायचं ते विचारा, शाळेच्या वाटेवर कशाचा वास यायचा ते विचारा. गल्लीत कुणी मारलं, कुणी वाचवलं? आई पिशवीतून काय काय वाहून आणायची आणि किती लांबून? गॅसचा शिलिंग कुठे ठेवलेला असे? उत्तरं मराठीत, इंग्रजीत, निम्मीनिम्मी, जशी येतील तशी घ्या. आमचं मराठी सहा वर्षांच्या मुलीचं आहे, ते छापताना वडीलधारं करू नका. लिहून मागू नका, आवाज रेकॉर्ड करा. भावंडांना एकत्र बसवा, कारण भांडण झाल्याशिवाय तारखा बरोबर येत नाहीत. आमच्या इंग्लिश शेजाऱ्यांपैकी कुणी असेल तर त्यांनाही बोलवा. ती साडी नेसलेली मुलगी अजून नाताळला कार्ड पाठवते. आणि कृपा करून वर ‘संघर्षातून यशाकडे’ असा मथळा घालू नका. माझं बालपण कशाकडे चाललेलं नव्हतं.

घाई अशासाठी, की जागाही चालल्या आहेत. आम्ही आलो तेव्हा बांधत होते ते शहर आता पाडण्याइतकं जुनं झालं. बुल यार्ड, सिटी आर्केड, शेल्टन स्क्वेअर पाडून तिथे नवं बांधकाम करायचं ठरलं. रिंग रोडने कितीतरी गल्ल्या आधीच खाल्ल्या. ज्या तलावात मी आईच्या विरोधाला न जुमानता पोहायला शिकले, तो १९६६चा मोठा तलाव २०२०मध्ये बंद झाला. गोल मंडई वाचली आहे, ती आता संरक्षित वास्तू आहे. पाडलं त्याबद्दल मी गळा काढणार नाही. शेल्टन स्क्वेअर पावसात अतिशय रडका दिसायचा. पण तिथे उभं राहून कुणाला काही दाखवायचं असेल तर ते आताच.

शेवटचं कामाचं. जे जमेल त्याची एक प्रत त्या त्या शहराच्या दफ्तरखान्यात द्या. कॉव्हेंट्रीचा हर्बर्ट संग्रहालयात आहे. शहराच्या कागदपत्रांत आम्ही असावं, आणि आपल्या स्मरणिकेत शहर असावं. दोन्हीकडे एकच रेकॉर्डिंग चालेल. खर्चाचा प्रश्न असेल तर पुढच्या अंकातली अध्यक्षांच्या मनोगताची दोन पानं कमी करता येतील.

कोरी प्रश्नावली सोबत परत पाठवते आहे. तिच्या मागच्या बाजूला भावाचा आणि माझा फोन नंबर आहे. दुपारी चारनंतर करा. त्याआधी तो फुटबॉल बघत असतो.

आपली,
चॅपलफील्ड्समध्ये वाढलेली एक सभासद